‘फूल’ : वसई प्रांतांतील एका विसरलेल्या अर्काचा इतिहास

१. स्कॉटलंडांत जवापासून काढलेल्या ‘सिंगल माल्ट’ व्हिस्कीची कीर्ति आज जगभर पसरली आहे. एकाच कारखान्यांत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यांत बहुधा दोनदां ऊर्ध्वपातन करून काढलेली व ओक लांकडाच्या पिंपांत मुरविलेली अशी ती दारू असते. तिच्या प्रत्येक भट्टीचें स्थापनेचें साल, पाण्याचा झरा आणि मूळ पुरुषाचें नांव तिचे भोक्ते आपल्या कुलवृत्तान्ताप्रमाणें सांगतात. आमच्या कोंकण किनाऱ्यावर, आणि त्यांत वसई प्रांतांतही, माडाच्या व ताडाच्या रसापासून असाच अर्क निदान तीन शतकें निघत होता. त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या, पारख ठरलेली होती, आणि परदेशच्या जाणत्या प्रवाशांनीं त्याची आपल्या देशच्या उत्तम मद्याशीं बरोबरी केली होती. त्यांतील उंची प्रतीचें नांव ‘फूल’. आज वसईंत हें नांव उच्चारलें तर बहुतेकांस बागेंतील फुलाचीच आठवण होईल.

असें कां झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा येथें हेतु नाहीं; त्यानें किती संसार बुडाले हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु एखादी वस्तु नामशेष झाली म्हणजे ती मुळांतच हलकी होती, असें गृहीत धरण्याची जी संवय पडली आहे, ती इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं.

२. प्रथम ज्या झाडांपासून हा अर्क निघे, त्यांचा विचार करूं. उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी यांच्यामधील या पट्टींत रस देणारीं झाडें तीन: माड, ताड आणि शिंदी. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, आणि शिंदीच्या रसाचें नांव झाडाचेंच. रस काढण्याची रीत तिन्हींची सारखी नाहीं. माडाची न उमललेली पोय दोरीनें आवळून बांधतात, हलक्या हातानें ठोकून मऊ करतात, आणि तिचें टोंक रोज पातळ कापून खालीं मडकें अडकवितात. शिंदीच्या बाबतींत मात्र शेंड्याजवळ बुंध्यालाच खांच पाडावी लागते. काप खोल गेला तर झाड दुखावतें, उथळ राहिला तर रस आटतो. म्हणून हें काम पिढीजाद हाताचें होतें, व तें करणारी मुख्य जात भंडाऱ्यांची. भंडारी हें नांव कोणी मद्य गाळणाऱ्या अर्थाच्या ‘मंदहारक’ या संस्कृत शब्दापासून काढतात, तर कोणी भांडाराशीं, म्हणजे खजिन्याशीं जोडतात. पहिल्या व्युत्पत्तींत धंदा आहे, दुसरींत मान आहे. आणि शिवकालीन आरमारांतील मायनाक भंडारी याचें नांव स्मरलें म्हणजे या जातीच्या अंगीं दोन्ही होतीं असें म्हणावें लागतें.

ताज्या माडीच्या रसांत साखरेचें प्रमाण शेंकडा १२ ते १५ च्या आसपास असतें. पहांटे उतरविलेला रस गोड असतो. मडक्याला आंतून चुना लावला असेल तर तो तसाच राहतो व त्यास नीरा म्हणतात. चुना नसेल तर हवेंतील व मडक्यांतील किण्वामुळें कांहीं तासांतच रस फसफसूं लागतो, साखरेचें मद्य होतें व तें शेंकडा चार-पांचपर्यंत चढतें. दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवल्यास तो आंबून शिरका होऊं लागतो. जव पोत्यांत भरून वर्षभर ठेवतां येतो, रस एक दिवसही ठेवतां येत नाहीं. म्हणून माडाच्या अर्काची भट्टी वाडीपासून दूर नेणें कधींच शक्य नव्हतें. हा मुद्दा पुढें फार महत्त्वाचा ठरणार आहे.

३. आतां पुरावा पाहूं. वसई १५३४ सालच्या तहानें गुजराथच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली व पुढें त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें झाली. त्यानंतर वीस वर्षांनीं, १५५४ सालीं, सिमांव बोतेल्यु या अधिकाऱ्यानें पोर्तुगीज हिंदुस्थानच्या महसुलाची जी नोंदवही तयार केली, तींत माडाच्या मद्यावरील कराची नोंद आहे. तेथें त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: झाडावरून उतरते तशी ती सुर, एकवार कढविलेला तो उर्राक, आणि दोन-तीन वेळां कढविलेली, उर्राकाहून तीव्र अशी शराब. कर घेणारा अधिकारी कवि नसतो. ज्या मालाला बाजारांत निराळा भाव आहे, तोच माल तो निराळा मांडतो. तेव्हां सोळाव्या शतकाच्या मध्याला या अर्काची प्रतवारी व्यवहारांत रूढ होती, असें या नोंदीवरून खात्रीनें म्हणतां येतें.

दुसरा साक्षीदार याहून मोलाचा. गार्सिया द ओर्ता हा वैद्य. त्याचा वनस्पति व औषधें यांवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. मुंबई बेट त्यानें पोर्तुगीज सरकारकडून पट्ट्यानें घेतलें होतें, आणि तें बेट त्या काळीं वसईच्या ताब्याखालीं होतें. म्हणजे ज्या माडांविषयीं तो लिहितो, ते त्याच्या स्वतःच्या वाडींतले होते असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच्या सांगण्याचा आशय असा, कीं सुर गाळली असतां जो उत्तम भाग निघतो त्यांत चिंधी भिजवून पेटविल्यास ती युरोपांतील दारूप्रमाणें जळते. या उत्तम भागास येथील लोक फुलाच्या नांवानें ओळखतात. आणि मागें जो राहतो त्यांत पहिल्यापैकीं थोडा मिसळून त्यास उर्राक म्हणतात. ‘फूल’ हा मराठी शब्द युरोपीय ग्रंथांत शिरला तो येथें.

तिसरा साक्षीदार डच प्रवासी लिन्शोटेन. तो १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास होता. त्याचा ग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. डॉर्ट शहरांत ऱ्हाइनच्या उत्तम द्राक्षमद्यापासून जो अर्क काढीत, त्याच्या तोडीचें हें ‘फूल’ आहे, असा त्याचा अभिप्राय. डच मनुष्यानें आपल्या देशच्या अर्काला कमी न लेखतां कोंकणच्या अर्काला त्याच्या पंक्तीस बसविलें, ही गोष्ट साधी नव्हे.

४. या साक्षींत गंमतीची भर इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर यानें घातली. तो १६७० नंतरच्या दशकांत या किनाऱ्यावर हिंडला. वसईचें वर्णनही त्यानें केलें आहे. इंग्रज खलाशांच्या तोंडीं तोंवर ‘फूल’चें ‘फूल रॅक’ झालें होतें, आणि त्यांच्या भाषेंत या उच्चाराचा अर्थ ‘मूर्ख’ असा होतो. फ्रायरला हा शब्द उलगडला नाहीं. ही दारू समुद्रांत तरंगणाऱ्या, अंगाला लागतांच खाजकुइलीप्रमाणें डंख करणाऱ्या बुळबुळीत प्राण्यापासून पोर्तुगीज काढतात, अशी समजूत त्यानें आपल्या ग्रंथांत टिपून ठेवली. माडाच्या पोयींतून निघालेला अर्क अशा रीतीनें समुद्रांतल्या जीवाच्या माथीं मारला गेला. एक शब्द न कळल्यामुळें एका मालाचें कुळच बदललें.

‘फूल’ म्हणजे काय, हें अर्क काढणारास पुसावयास हवें होतें. भट्टीवरचें मडकें तापलें म्हणजे वाफ वरून नळीवाटे दुसऱ्या भांड्यांत जाते. त्या भांड्यावर थंड पाणी ओतीत राहिलें म्हणजे ती थिजून थेंबथेंब अर्क जमतो. मद्यार्क पाण्याच्या आधीं उडतो, म्हणून आरंभीं येणारा अर्क तीव्र व शेवटीं येणारा फिका. तीव्र भाग वेगळा काढणें, किंवा एकवार काढलेला अर्क पुन्हां नव्या रसाबरोबर भट्टींत घालणें, या दोन युक्तींनीं प्रत चढत जाते. पारखीसाठीं यंत्र नव्हतें. अर्क बाटलींत घेऊन हालवावा आणि वर येणारा फेस पाहावा. फिका असेल तर बुडबुडे लगेच फुटतात; तीव्र असेल तर मण्यांसारखे टपोरे बुडबुडे कांहीं वेळ कांठाला धरून राहतात. हा मण्यांचा फुलोरा तेंच ‘फूल’. आणि ‘फेणी’ हें नांवही फेणापासूनच आलें, असें मानणें सयुक्तिक वाटतें. एकोणिसाव्या शतकांतील मुंबई इलाख्याच्या सरकारी वर्णनांत माडाच्या अर्काचीं ‘राशी’, ‘फूल’ आणि ‘फेणी’ अशीं नांवें येतात. त्यांत राशी सर्वांत सौम्य. बोतेल्युचे तीन प्रकार व हीं तीन नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे नांवें बदललीं तरी तीन पायऱ्यांची प्रतवारी तीनशें वर्षें टिकून होती, हें उघड दिसतें. स्कॉटलंडांतही पहिल्या ऊर्ध्वपातनाच्या फिक्या द्रवास निराळें नांव असून दुसऱ्यांतून आरंभ व शेवट टाकून मधला भागच ठेवतात. कला तीच, धान्याच्या जागीं झाडाचा रस.

चवीविषयीं थोडें. माडाची फेणी गोव्यांत अद्याप थोड्या प्रमाणांत निघते, तीवरून अंदाज करतां येतो. काजूच्या फेणीचा वास लांबून अंगावर येतो, तसा हिचा येत नाहीं. पेला नाकाशीं नेल्यावर प्रथम आंबलेल्या रसाची किंचित् आंबट झुळूक, मग ओल्या नारळाच्या सोडणासारखा वास. जिभेवर आरंभीं मऊ व थोडी गोडसर, आणि घशाखालीं उतरतांना ऊब. पिंपांत मुरविण्याची चाल नसल्यामुळें व्हिस्कीचा पिवळा रंग व लांकडाचा सुगंध तिला नाहीं. परंतु त्यामुळेंच झाडाचा मूळ वास तींत लपत नाहीं. मुंबई, साष्टी व वसई या भागांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नकार्यांत देण्यांत येणारी ‘खिमाड’ ही देशी दारूंत साखर, पाणी व दालचिनी, लवंग, वेलदोडा घालून गरम केलेली असते. देशी अर्क ही केवळ गुत्त्यांतली वस्तु नसून घरच्या मंगलकार्यांतही तिला जागा होती, याचें हें जिवंत प्रमाण होय.

५. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, आणि पोर्तुगीज अमलांत राजरोस चालणारा मद्याचा धंदा मराठी राज्याच्या नजरेसमोर आला. पेशव्यांचें धोरण मद्यास प्रतिकूल होतें. न्या. महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवर १९०० सालीं जो निबंध लिहिला, त्यांत या मुलखाचा उल्लेख आहे. त्याचें तात्पर्य असें, कीं वसई व चौल या जिंकलेल्या प्रांतांत ब्राह्मण, प्रभु, धर्माधिकारी व सरकारी नोकर यांस मद्याची सक्त बंदी झाली. परंतु भंडारी, कोळी इत्यादि ज्या जातींत तें पूर्वापार चालत होतें, त्यांस मोकळीक राहिली. या धोरणांत जातींजातींत भेद होता हें खरेंच. तरीपण एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे: मद्य नापसंत असणाऱ्या राज्यानेंही भंडाऱ्याचा कोयता व भट्टी हिरावून घेतली नाहीं.

६. ती हिरावली गेली तीं निराळ्या कारणानें. इंग्रजी अमलांत आरंभीं अबकारीचा मक्ता देत. पुढें १८७८ सालचा पांचवा कायदा, म्हणजे मुंबई अबकारी कायदा, आला. परवान्यावांचून झाडास कोयता लावणें गुन्हा, परवान्यावांचून अर्क काढणें गुन्हा, आणि रस काढण्याच्या प्रत्येक झाडावर कर, अशी ही व्यवस्था. तिची घडी बसविण्यांत चार्लस प्रिचर्ड या अधिकाऱ्याचा मोठा वांटा होता. मद्य महाग झाल्यास लोक कमी पितील, आणि कमी मद्यावर जास्त महसूल मिळेल, असें तिचें समर्थन केलें जाई. यांतला पहिला भाग नीतीचा व दुसरा तिजोरीचा. व्यवहारांत दुसऱ्याचें पारडें जड राहिलें.

झाडावरचा कर रसाच्या मापावर नसून झाडाच्या संख्येवर होता. म्हणजे रस भरपूर येवो कीं न येवो, पैसे आधीं भरावे लागत. चांगल्या मोजक्या झाडांवरच काम करणें परवडे. बाकीचीं सोडून द्यावीं लागत. उलट मोहाच्या दारूची गोष्ट. मोहाचें फूल वाळवून पोत्यांत भरतां येतें आणि रेल्वेनें वा गलबतानें कोठेंही नेतां येतें. त्यामुळें मुंबई बंदरापलीकडे उरण येथें मोठ्या भट्ट्या एकत्र आल्या. त्यांत पारशी मक्तेदारांचें भांडवल होतें, आणि पंचमहालासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून तेथें फुलें येत. सरकारच्या दृष्टीनें पाहिलें तर यासारखी सोय नव्हती. वसईच्या वाड्यांतील हजारों माडांवर पहारा ठेवण्याऐवजीं उरणच्या एका फाटकाशीं कारकून बसविला कीं प्रत्येक थेंबाची मोजदाद झाली. पुढें १८९२ च्या मोह कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्या जंगलांत मोह फुलतो, तेथल्या वारल्यानें तीं मोकळेपणीं साठवूं नयेत, आणि त्याच फुलांची दारू त्यानें दुकानांतून विकत घ्यावी!

माडाचा रस टिकत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. तो उरणला नेणें शक्य नव्हतें, आणि जेथें निघे तेथें गाळण्याची वाट अरुंद होत गेली. ‘फूल’ हरलें तें चवींत नव्हे, वाहतुकींत व हिशेबांत.

७. याच्या उलट चित्र स्कॉटलंडांत दिसतें. तेथेंही अठराव्या शतकाच्या शेवटीं व एकोणिसाव्याच्या आरंभीं जबर करामुळें डोंगरखोऱ्यांतून चोरट्या भट्ट्यांचा सुळसुळाट झाला होता. इंग्लंडच्या सरकारनें १८२३ सालीं कायदा बदलला: कर बराच उतरविला, आणि वर्षाला १० पौंड भरून ४० गॅलनांची लहान भट्टी राजरोस चालवितां येईल असें ठरविलें. लगेच १८२४ सालीं ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील जॉर्ज स्मिथ यानें परवाना काढला; शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांच्या धमक्यांमुळें त्याला पिस्तुलें जवळ बाळगावीं लागलीं. परंतु थोड्याच काळांत चोरटी दारू मागें पडली व परवान्याच्या भट्टीचें नांव वर आलें. पिंपांत निदान अमुक वर्षें मुरविण्याची सक्तीही १९१५ सालच्या युद्धकालीन कायद्यांतून आली. प्रथम दोन वर्षें, मग तीन. आज जो गुण परंपरेचा म्हणून गौरविला जातो, त्याच्या मागें सरकारी कलम आहे. खुद्द ‘सिंगल माल्ट’ही दीर्घकाळ मिश्रणांत घालण्याचा निनांवी माल होता, १९६३ सालापासून ग्लेनफिडिक कारखान्यानें तो स्वतंत्र नांवानें परदेशीं खपविण्याचा मोठा प्रयत्न केला, तेव्हांपासून त्याचे दिवस पालटले.

लंडनच्याच सत्तेनें स्कॉटलंडांत लहान भट्टीला कायद्याच्या आंत घेतलें, आणि पंचावन्न वर्षांनीं त्याच सत्तेच्या मुंबई सरकारनें कोंकणांतल्या लहान भट्टीला कायद्याबाहेरच्या वाटेवर लोटलें. एकीकडे कीर्ति, दुसरीकडे विस्मृति. हा फरक जवाचा व माडाचा नाहीं.

८. शेवटचा घाव दारूबंदीचा. मुंबई शहरांत पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजीं झाला. १९४९ चा दारूबंदी कायदा होऊन एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यांत बंदी आली. नीरेला सवलत राहिली, भट्टीला राहिली नाहीं. या बंदीच्या मागें स्त्रियांच्या व गरिबांच्या दुःखाची खरी कळकळ होती, हें नाकारतां येणार नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनींही १८८० सालीं पुण्यांतील दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लिहिलें होतें. परंतु बंदीनें पिणें थांबलें नाहीं. खाड्यांच्या कांठीं चोरट्या भट्ट्या वाढल्या, आणि त्यांत पारख नव्हती, प्रत नव्हती, गाळणाराचें नांव नव्हतें. बंदी पुढें टप्प्याटप्प्यानें शिथिल झाली तरी चोरटा धंदा राहिला. जून २०१५ मध्यें मालाड-मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तें विष कारखान्यांत वापरण्याचें मेथिल अल्कोहोल होतें, झाडाच्या रसाशीं त्याचा संबंध नव्हता. जेथें चिंधी पेटवून व मणी पाहून अर्क पारखणारा भंडारी होता, तेथें निनांवी पिशवी आली. पारख गेल्याचें मोल कोणी भरलें, हें यावरून कळतें.

गोव्यांत मात्र लहान भट्टी टिकली. तेथील काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें. माडाची फेणी तिच्या सावलींत कां होईना, जिवंत आहे. वसई प्रांतांत आज परवान्याची ताडी मिळते, ‘फूल’ नाहीं.

९. यावरून निष्कर्ष काय? देशी दारू म्हणजे हलकी व विलायती म्हणजे उंची, हा भेद जिभेनें केलेला नसून कायद्यानें व हिशेबानें केलेला आहे. वसईच्या माडांचा अर्क परीक्षेंत नापास झाला नाहीं. त्याची परीक्षाच पुढें कोणी घेतली नाहीं. आतां भट्टी पुन्हां पेटावी अशी मागणी करणें हें या त्रैमासिकाचें काम नव्हे. परंतु भंडाऱ्यांच्या घरांत जुने झाडांचे परवाने, कराच्या पावत्या, कोयत्यांचीं व मडक्यांच्या मापांचीं नांवें अद्याप असतील. वाडवळ, सामवेदी व ख्रिस्ती कुटुंबांतील वृद्धांच्या बोलण्यांत राशी, फूल, फेणी यांपैकीं एखादा शब्द अजून येत असेल. वसई, पापडी, निर्मळ, आगाशी, बोळिंज, अर्नाळा या गांवांतील अभ्यासकांनीं तीं साधनें टिपून घ्यावींत. वाड्यांच्या जागीं इमारती झपाट्यानें उभ्या राहत आहेत. झाडावर चढणारे हात त्याहून लवकर कमी होत आहेत. एका परकीय डॉक्टरानें या अर्काला समुद्रांतल्या प्राण्याचें पोर ठरविलें, तें विचारावयाचें त्यास न विचारल्यामुळें. आपणांस तरी विचारण्याजोगीं माणसें अजून आहेत.